सोळा मार्चची पोच

जुलै २०२४ मध्ये बँकेकडून मोबाइलवर एक लिंक आली. गृहकर्जाचं तिमाही विवरण, ३० जूनपर्यंतचं. एरवी असले मेसेज मी उघडत नाही. त्या दिवशी घाटकोपरला गाडी उशिरा होती, शाळेची पिशवी खांद्यावर घेऊन फलाटावर उभी होते, म्हणून उघडलं. व्याजदर ९.३५ टक्के. हप्ता २६,०३५ रुपये. शिल्लक मुद्दल २३,७०,५४९. आणि सगळ्यात खाली, शिल्लक हप्ते १६०.

भांडुपला उतरेपर्यंत तो आकडा मी चार वेळा पाहिला. मार्च २०२२ मध्ये आमचे १४७ हप्ते शिल्लक होते. हे मला पक्कं आठवत होतं, कारण त्याच महिन्यात आम्ही कर्जात पाच लाख रुपये एकरकमी भरले होते आणि काउंटरवरच्या साहेबांनी कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं होतं, "मॅडम, १४७ चे १०८ होतील." त्यानंतर सत्तावीस हप्ते गेले. एकही चुकला नाही. मग १०८ मधून २७ गेले तर ८१ उरायला हवेत. इथे १६० होते.

ते पाच लाख आईंचे होते. आई म्हणजे माझ्या सासूबाई. संगमेश्वरजवळच्या गावात त्यांच्या वाट्याला आलेली जमीन होती, वर्षानुवर्षं पडीक. भावकीतल्याच एकाने ती घेतली आणि आईंच्या हातात पहिल्यांदाच स्वतःचे म्हणावे असे पैसे आले. त्यांनी दागिना केला नाही, मुदत ठेवही केली नाही. "पोरांच्या डोक्यावरचं ओझं आधी उतरू दे," म्हणाल्या. होळीच्या आदल्या दिवशी, १६ मार्च २०२२ ला, आम्ही तिघं बँकेत गेलो. दुसऱ्या दिवशी त्यांना शिमग्याला गावी जायचं होतं आणि जायच्या आधी पैसे भरून टाकायचे होते. तेव्हा त्या एकाहत्तर वर्षांच्या होत्या. चेक देताना त्यांनी तो दोन्ही हातांनी दिला.

हे इतकं सविस्तर लिहिते आहे, कारण पुढे सहा महिने मला पुन्हा पुन्हा "रक्कम लहान आहे", "सिस्टमचा प्रश्न आहे" असं ऐकवलं गेलं. ती रक्कम कुठून आली होती, हे मला एक दिवसही विसरता आलं नाही.

२० जुलैला, तिसऱ्या शनिवारी, मी शाखेत गेले. दुसरा आणि चौथा शनिवार बँक बंद, इतर दिवशी माझी शाळा, त्यामुळे महिन्यातले दोनच शनिवार हातात असायचे. मी गेले ती व्याजदराचं भांडण घेऊन. माझी खात्री होती की बँकेने दर परस्पर वाढवला आहे. आम्ही २०२० मध्ये कर्ज रेपोशी, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते त्या दराशी, जोडून घेतलं तेव्हा दर ६.८५ होता, तो ९.३५ कसा झाला? समोरच्या साहेबांनी शांतपणे आमचं पत्र काढून दाखवलं. रेपो दर अधिक २.८५ टक्के. तेव्हा रेपो ४ टक्के होता. रिझर्व्ह बँकेने तो ४ मे २०२२ ला ४.४० केला, जूनमध्ये ४.९०, ऑगस्टमध्ये ५.४०, सप्टेंबरअखेर ५.९०, डिसेंबरमध्ये ६.२५ आणि ८ फेब्रुवारी २०२३ ला ६.५०. नऊ महिन्यांत अडीच टक्के. ६.५० अधिक २.८५ म्हणजे ९.३५. दर बरोबर होता. बँकेने स्वतःचे २.८५ टक्के वाढवले नव्हते. त्या बाबतीत चूक माझी होती, आणि तसं मी त्यांना तिथेच सांगितलं.

पण दर बरोबर असला तरी १६० हा आकडा पटत नव्हता. साहेबांनी सांगितलं, दर वाढला की हप्ता तोच राहतो आणि मुदत लांबते, सगळ्यांचं तसंच झालं आहे. हेही खरंच होतं. पण त्या लांबण्यात आमचे पाच लाख कुठे दिसत नव्हते. मी कर्ज सुरू झाल्यापासूनचा, मे २०१७ पासूनचा, संपूर्ण खातेउतारा मागितला. त्यांनी आधी ॲपवरून काढा म्हटलं. ॲपवर एकाच वर्षाचा निघत होता. शेवटी लेखी अर्ज दिला आणि ३ ऑगस्टला अकरा पानं हातात पडली.

त्या रात्री जेवणं झाल्यावर ओट्याशेजारच्या टेबलावर मी ती पानं पसरली. वह्या तपासायचा लाल पेन आणि लाकडी पट्टी घेतली. बारीक अक्षरांच्या रांगा असल्या की डोळा घसरतो, म्हणून प्रत्येक ओळीखाली पट्टी सरकवत गेले. दर महिन्याला तीन ओळी. हप्ता जमा, व्याज नावे, शिल्लक. सातव्या पानावर १६-०३-२०२२ सापडलं. पाच लाख जमा. आणि त्याच ओळीत शेवटच्या रकान्यात, जिथे शिल्लक मुद्दल लिहितात, तिथला आकडा वरच्या ओळीत होता तोच. २५ लाखांच्या वर. एक रुपयानेही कमी झालेला नाही. पट्टी तिथेच ठेवून मी नवऱ्याला हाक मारली.

पैसे बँकेकडे होते, पण कर्जातून वजा झालेले नव्हते. अकराव्या पानाच्या तळाशी, बेरजांच्या खाली, एक वेगळी ओळ होती: समायोजित न झालेली आगाऊ रक्कम, ५,००,०००. म्हणजे मार्च २०२२ पासून आमचे पाच लाख बँकेच्या एका कप्प्यात पडून होते, आणि त्याच पाच लाखांवर बँक आमच्याकडून दर महिन्याला व्याज घेत होती.

मी सातवीला सरळव्याज शिकवते. मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत भागिले शंभर. त्या रात्री तेच केलं, दर तिमाहीला बदलत गेलेला आमचा दर धरून. १६ मार्च ते ३० जून २०२२, १०७ दिवस, ६.८५ टक्क्यांनी १०,०४० रुपये. पुढचे तीन महिने ७.७५ ने ९,७६७. मग ८.७५ ने ११,०२७. मग ९.१० ने ११,२१९. आणि १ एप्रिल २०२३ पासून जुलै २०२४ अखेरपर्यंत ४८८ दिवस, ९.३५ ने ६२,५०४. एकूण १,०४,५५७. हे फक्त सरळव्याज. प्रत्यक्षात जास्तीचं व्याज हप्त्यातून वळतं झालं की तेवढं मुद्दल फिटायचं राहतं आणि पुढच्या महिन्यात त्यावरही व्याज लागतं. शाळेतले आमचे गणिताचे सर एक्सेल चांगलं चालवतात, त्यांनी महिन्यावार मांडून दिलं. १ लाख १५ हजार ६२६.

त्यांच्याच तक्त्यात आणखी एक गोष्ट दिसली. एप्रिल २०२२ ते जून २०२४ या सत्तावीस महिन्यांत आम्ही हप्त्यांपोटी ७,०२,९४५ रुपये भरले होते. त्यातून मुद्दल कमी झालं २,१४,१३५. बाकी सगळं व्याज. दरवर्षी एप्रिलमध्ये बँकेकडून व्याजाचं प्रमाणपत्र यायचं. आयकरासाठी लागतं म्हणून मी ते शाळेच्या कार्यालयात देऊन टाकायची. त्यावरचा आकडा मागच्या वर्षीच्या शेजारी ठेवून पाहिला असता, तर हे एका वर्षातच लक्षात आलं असतं. दोन्ही वर्षी पाहिला नाही.

आईंना सांगायचं की नाही, यावर आमचं थोडं झालं. नवऱ्याचं म्हणणं होतं, निस्तरल्यावर सांगू. पण टेबलावर पानं पसरलेली, आम्ही कुजबुजतोय, त्यांच्या लक्षात आलंच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पोच आहे ना?"

पोच होती. मी विसरून गेले होते. चेक देताना आईंच्या आग्रहावरून नवऱ्याने एका कोऱ्या कागदावर चार ओळी लिहिल्या होत्या: सदर रक्कम रुपये पाच लाख आमच्या गृहकर्जाच्या मुद्दलात वळती करावी व कर्जाची मुदत कमी करावी. खाली सही. तेव्हा काउंटरवरचे साहेब म्हणाले होते, याची काही गरज नाही, एकरकमी भरणा मुद्दलातच जातो, फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या कर्जाला त्याचा दंडही नसतो. पण जमिनीच्या कामात तलाठी कार्यालयाच्या चकरा मारून आईंना एक सवय लागलेली, कागद दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यायचा. त्यांनी तो घेतल्याशिवाय खुर्ची सोडली नाही.

आता त्या उठल्या, कपाटातून त्यांची खाकी कापडी पिशवी काढली. सातबाऱ्याचे उतारे, फेरफाराची नक्कल, मामंजींचा मृत्यूचा दाखला, आणि त्यांच्यात घडी करून ठेवलेला तो कागद. जांभळ्या शाईचा गोल शिक्का, शाखेचं नाव, मधोमध तारीख. शाई एका बाजूने पसरली होती, वर्षाचा शेवटचा आकडा नीट लागत नव्हता, पण १६ आणि मार्च स्वच्छ होतं. शेजारी कुणाची तरी आखूड सही. त्या कागदाशिवाय पुढचं काहीच झालं नसतं, असं मला आजही वाटतं.

१७ ऑगस्टला लेखी तक्रार दिली, आणि तिचीही पोच घेतली. मागण्या तीन. पाच लाख १६ मार्च २०२२ या तारखेपासून मुद्दलात वळते करा. त्या तारखेपासूनच्या व्याजाचा हिशेब नव्याने करून लेखी द्या. आणि झालेल्या त्रासाची भरपाई द्या. मॅनेजर मॅडम बोलायला चांगल्या होत्या. त्यांनी कागद वाचला, शिक्का पाहिला आणि म्हणाल्या, "मॅडम, मी असते तर मलाही राग आला असता. पण पार्ट पेमेंटचा आमचा ठरलेला फॉर्म असतो. तो भरला नाही की सिस्टम रक्कम आगाऊ हप्ता म्हणून धरते." मी विचारलं, मग फॉर्म भरा असं आम्हाला सांगायचं कुणी? त्याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. तक्रार पुढे पाठवते म्हणाल्या.

गणपतीला आम्ही गावी गेलो. १२ सप्टेंबरला गौरी-गणपतीचं विसर्जन. वहाळावरून परत येताना पारापाशी रेंज आली आणि मोबाइल वाजला. 'तुमच्या कर्जखात्यात ५,००,००० रुपये मुद्दलापोटी जमा करण्यात आले आहेत. तुमच्या तक्रारीचे निवारण झाले आहे.' नवऱ्याला इतका आनंद झाला की त्याने तिथूनच बहिणीला फोन लावला. मीही खूश झाले. रात्री मेसेज पुन्हा वाचला तेव्हा तारीख दिसली. १२-०९-२०२४.

व्हॅल्यू डेट हा शब्द मला तोपर्यंत ठाऊक नव्हता. पैसे कधी भरले, ही एक तारीख. ते कधीपासून भरले असं धरून व्याज मोजायचं, ही दुसरी. दुसरीला व्हॅल्यू डेट म्हणतात, आणि सगळं तिच्यावर ठरतं. बँकेने पाच लाख आजपासून वळते केले होते. अडीच वर्षांचं व्याज तसंच सोडून दिलं होतं. सरांच्या तक्त्यात दोन्ही तारखा घालून पाहिल्या. १२ सप्टेंबर २०२४ धरली तर शिल्लक हप्ते १०४. १६ मार्च २०२२ धरली तर ९४. दहा हप्ते, म्हणजे २ लाख ६० हजार ३५० रुपये. १ लाख २२ हजारांचं जास्तीचं व्याज कर्जात तसंच राहू दिलं की शेवटापर्यंत ते एवढं होतं.

या ठिकाणी बरेच जण थांबतात. शेजारच्या इमारतीत एकांचं असंच झालं होतं, तेही थांबले होते. मेसेजमध्ये 'निवारण झाले' असतं, पैसे वळते झालेले दिसतात, आणि तारीख कुणी बघत नाही.

२१ सप्टेंबरला बँकेच्या नोडल अधिकाऱ्यांना, म्हणजे शाखेच्या वर तक्रारी बघणाऱ्यांना, पत्र लिहिलं. या वेळी अभ्यास करून लिहिलं. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर परिपत्रकं सगळ्यांना वाचता येतात. दोन फार कामाला आली. पहिलं १८ ऑगस्ट २०२३ चं: दर बदलला की हप्ता आणि मुदत यांवर काय परिणाम होणार ते कर्जदाराला कळवायचं, हप्ता वाढवायचा की मुदत, की दोन्ही, हा पर्याय त्याला द्यायचा, आणि दर तिमाहीला विवरण द्यायचं. ज्या विवरणामुळे हे सगळं उघडकीला आलं, ते या परिपत्रकामुळेच मला आलं होतं. दुसरं २९ एप्रिल २०२४ चं, व्याज आकारणीबद्दलचं. तपासणीत आढळलेल्या चुकीच्या पद्धती त्यात लिहिल्या आहेत. त्यातली एक अशी, की एक किंवा अधिक हप्ते आगाऊ घ्यायचे आणि व्याज मात्र पूर्ण कर्जावर लावायचं. अशा पद्धती न्याय्य आणि पारदर्शक व्यवहाराला धरून नाहीत, असं रिझर्व्ह बँकेने म्हटलं आहे आणि असं जास्तीचं घेतलेलं व्याज परत करायला सांगितलं आहे.

हे वाचलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी उठून पाणी प्यायले. बँक म्हणत होती की आमचे पाच लाख 'आगाऊ हप्ता' होते. ठीक आहे, आगाऊ हप्ता धरू. मग रिझर्व्ह बँक नेमकं त्याच गोष्टीला चूक म्हणते आहे. आणि खरोखर आगाऊ हप्ते होते, तर पाच लाखांत एकोणीस हप्ते भागतात. मग दर महिन्याच्या ५ तारखेला माझ्या पगाराच्या खात्यातून २६,०३५ रुपये का कापले जात होते? कोणत्याही बाजूने पाहिलं तरी बँकेचं म्हणणं उभं राहत नव्हतं. पत्रात हे दोन्ही मुद्दे घातले, पोचेची रंगीत झेरॉक्स जोडली, आणि मागणी पूर्ण मान्य होणार नसेल तर तक्रार बँकेच्या अंतर्गत लोकपालांसमोर, म्हणजे नाकारलेल्या तक्रारी पुन्हा तपासणाऱ्या बँकेतल्याच अधिकाऱ्यांसमोर, ठेवावी, असं लिहिलं. बँक तक्रार पूर्ण किंवा अंशतः नाकारते तेव्हा तिला तसं करावं लागतं.

१४ ऑक्टोबरला उत्तर आलं. चार ओळी. ग्राहकाने विहित नमुन्यात अर्ज न केल्यामुळे रक्कम आगाऊ ठेवण्यात आली होती, तक्रारीनंतर ती तत्परतेने समायोजित केली आहे, मागील तारखेपासून समायोजन शक्य नाही. परिपत्रकाबद्दल एक शब्द नाही. पोचेबद्दल एक शब्द नाही.

त्याच आठवड्यात बँकेतून फोनही आला. पलीकडचे गृहस्थ फार नम्र होते. "मॅडम, ग्राहक म्हणून तुमचा मान ठेवून आम्ही पंचवीस हजार देतो. तुम्ही फक्त समाधान झाल्याचं एक मेल करा." मी विचार करून सांगते म्हटलं. त्या रात्री घरात भांडण झालं. नवरा म्हणाला, घेऊन टाक, किती महिने चाललंय, तुझी झोप गेली आहे. तो चुकीचं बोलत नव्हता. माझी झोप गेलीच होती, वर्गात मुलांवर उगाच आवाज चढत होता. पण पंचवीस हजार ते मान म्हणून देणार होते. आमचे पैसे आमचे म्हणून परत मिळावेत, एवढंच मला हवं होतं. दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं, रक्कम नको, तारीख दुरुस्त करा.

दिवाळीची सुट्टी लागल्यावर ३० ऑक्टोबरला रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, तक्रार केली. तेव्हा १२ नोव्हेंबर २०२१ पासूनची एकात्मिक लोकपाल योजना लागू होती. फोर्टला रिझर्व्ह बँकेत जाऊन रांग लावायला लागेल अशी माझी समजूत होती. तसं काही नाही. रिझर्व्ह बँकेचं तक्रारींचं पोर्टल आहे, तिथे ऑनलाइन भरता येते. ज्यांना ते जमत नाही त्यांना टपालाने चंदीगडच्या केंद्रात पाठवता येते. १४४४८ या नंबरवर माहिती मिळते, मी दोनदा फोन केला. फी नाही. वकील लागत नाही. पोर्टल सुरुवातीलाच विचारतं, बँकेकडे आधी लेखी तक्रार केली होती का, कधी केली, उत्तर आलं का. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तरच इथे यायचं. तेव्हाच्या नियमाप्रमाणे उत्तर आल्यापासून एक वर्षाच्या आत यायचं. आणि तेच प्रकरण कोर्टात असता कामा नये. आमच्या शाळेतल्या एका बाईंची तक्रार, आधी बँकेकडे न गेल्यामुळे, अशीच बंद झाली होती. म्हणून मी १७ ऑगस्टच्या तक्रारीची पोच सगळ्यात वर जोडली.

तक्रार लिहायला तीन दिवस लागले. पहिला मसुदा चार पानांचा झाला, त्यात माझा सगळा राग होता. आईंची जमीन, शिमगा, फोनवरचे गृहस्थ, सगळं. गणिताच्या सरांनी तो वाचला आणि म्हणाले, "बाई, हे सगळं खरं आहे. पण वाचणाऱ्याला पहिल्या पाच ओळींत कळलं पाहिजे की तुम्हाला काय हवंय." मग पुन्हा लिहिलं. पैसे भरल्याची तारीख. पोच. उताऱ्याचं सातवं पान. दोन तारखांचा तक्ता. २९ एप्रिल २०२४ चं परिपत्रक. मागणी. सव्वा पानात बसलं. फटाक्यांच्या आवाजात ते अपलोड केलं आणि तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवला.

नोव्हेंबर असाच गेला. रोज पोर्टलवर स्थिती बघायची, रोज तीच. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लोकपाल कार्यालयातून मेल आला: पोचेची अधिक स्पष्ट प्रत पाठवा. शिक्क्यातलं वर्ष वाचता येत नव्हतं ना. आम्ही मूळ कागद खिडकीशी, उन्हात धरून फोटो काढला. उजेड मागून आला आणि पसरलेल्या शाईतून २ चा आकडा दिसला. आई शेजारीच उभ्या होत्या. "सांभाळून, घडीवर फाटंल तो," एवढंच म्हणाल्या. त्याबरोबर १६ मार्चला चेक वटल्याचं आमच्या बचत खात्याचं पानही पाठवलं.

जानेवारीत बँकेचा सूर बदलला. लोकपाल कार्यालयाने आधी दोन्ही बाजूंना समझोत्याची संधी दिली होती, आणि बँकेकडून लेखी प्रस्ताव आला: पाच लाखांचं समायोजन १६ मार्च २०२२ पासून मान्य, त्या तारखेपासून व्याजाचा फेरहिशेब, जास्तीचं व्याज मुद्दलातून वजा. भरपाईची मागणी मान्य नाही. लोकपालांना तेव्हा नुकसानीसाठी वीस लाखांपर्यंत आणि वेळ, खर्च, मनस्ताप यांसाठी वेगळी एक लाखापर्यंत भरपाई देता येत होती, हे मला माहीत होतं. ताणावं का, हा प्रश्न होता. मी ताणलं नाही. मला तारीख हवी होती, ती मिळाली होती. पण भरपाई सोडली याची रुखरुख अजून आहे. सहा महिन्यांचे शनिवार कुणाच्याच हिशेबात आले नाहीत.

२४ जानेवारी २०२५ ला खात्यात दुरुस्ती झाली. या वेळी मी मेसेजवर विश्वास ठेवला नाही. १ फेब्रुवारीला, पहिल्या शनिवारी, शाखेत जाऊन नवा उतारा मागितला. काउंटरवर बसूनच सातव्या पानावर आले. १६-०३-२०२२, पाच लाख जमा, आणि शेवटच्या रकान्यात आकडा खाली आलेला, २५ लाखांवरून २० लाखांवर. तिथून पुढची प्रत्येक ओळ बदललेली होती. शिल्लक हप्ते ९०. सरांच्या तक्त्यातही जानेवारीच्या हप्त्यानंतर ९०च होते. मॅनेजर मॅडमनी उताऱ्यावर शिक्का मारून दिला. जाताना सांगितलं की आता पार्ट पेमेंट घेताना काउंटरवर फॉर्म आधी देतात. मी त्यांचे मनापासून आभार मानले.

हप्ता मी २६,०३५ चा २८,००० करून घेतला. त्याचा ठरलेला फॉर्म आधी मागितला, भरला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला.

घरी आल्यावर उतारा आईंना दिला. त्यांना त्यातलं वाचता येत नाही. मी बोट ठेवून ती ओळ दाखवली. त्यांनी चष्मा लावून तारीख तेवढी पाहिली, म्हणाल्या, "होळीच्या आदल्या दिवशीची." मग सगळ्या पानांची नीट घडी घालून ती सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवली.

७ फेब्रुवारीला रिझर्व्ह बँकेने रेपो पाव टक्क्याने उतरवला. आमचा दर तिमाहीने बदलतो, म्हणजे १ एप्रिलपासून ९.१० व्हायला हवा होता. २ एप्रिलला सकाळी शाळेत जायच्या आधी ॲप उघडून पाहिलं. ९.१० होता.